अर्धा मार्क

सुहासिनीबाई वैरागड्यांनी चौतीस वर्षांत कुणालाही फुकटचा मार्क दिला नव्हता. नागपुरातल्या त्यांच्या शाळेत ही गोष्ट शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होती. दहावीच्या बोर्डाला ज्या वर्गावर बाईंचं सुपरव्हिजन लागायचं, त्या वर्गातली पोरं चिठ्ठ्या आणायची खरी, पण आणल्या तशाच घरी परत न्यायची. बाई ओरडत नसत. नुसत्या बाकांमधून फिरत, आणि त्यांच्या चपलांचा आवाज जवळ आला की अभ्यास केलेल्या पोरांच्याही तळहातांना घाम फुटायचा.

अशा या बाई वयाच्या बासष्टाव्या वर्षी, नोव्हेंबरातल्या एका शनिवारी, पाठीवर दुमडलेली गादी बांधून ॲरिझोनातल्या एका डोंगराच्या अंगावरून चालल्या होत्या. पायात लेकीचे जुने बूट, कुर्त्यावर लेकीचंच जॅकेट. पुढे उल्का, तिच्या पाठीवर तसल्याच दोन गाद्या. मागून बघणाऱ्याला वाटलं असतं, मायलेकी बिऱ्हाड हलवताहेत आणि वाट चुकल्यात.

बिऱ्हाड तर हलतच होतं. सप्टेंबरात उल्काची टूसॉन शहरातली नोकरी गेली. व्हिसाचा नियम असा, की साठ दिवसांत दुसरी मिळवा, नाहीतर सामान आवरा. बाई लेकीला धीर द्यायला म्हणून आल्या आणि दोन महिने पोळ्या लाटत, इंटरव्ह्यू चालू असला की दाराबाहेर श्वास रोखून उभ्या राहिल्या. एक्कावन्नाव्या दिवशी नोकरी मिळाली. मिनेसोटात, ईडन प्रेरी नावाच्या गावात. सोमवारी हजर व्हायचं होतं. घर खोक्यांत भरून झालं होतं आणि उद्या दुपारचं विमान होतं.

"तिकडे डोंगर आहेत का गं?" बाईंनी विचारलं होतं.

"आई, तिकडे सगळ्यात उंच म्हणजे मॉलचं पार्किंग," उल्का हसून म्हणाली होती. ते हसणं बाईंच्या ओळखीचं होतं. निकालाच्या दिवशी एका विषयात गेलेली पोरं असंच हसतात.

कारण या डोंगरात एक दगड होता. तीन हिवाळे उल्का त्याच्यावर चढायला बघत होती आणि तीन हिवाळे तो तिला खाली टाकत होता. तिनं आणि स्वानंदीनं, म्हणजे तिच्या ऑफिसातल्या पुण्याच्या मैत्रिणीनं, तो भटकता भटकता शोधून काढला होता. अशा चढाईत दोर नसतो. खाली गाद्या पसरायच्या आणि एकानं चढणाऱ्याच्या मागे उभं राहायचं. ते काम स्वानंदीचं. आजचा शेवटचा दिवस म्हणून ती येणारच होती, पण सकाळी तिचा फोन आला. "यार, ऑफिसची सिस्टीम डाउन आहे, मला लॉगिन करावंच लागेल. सॉरी, उल्का. रिअली सॉरी."

उल्का खोक्यांच्या मधोमध, चढायचे बूट मांडीवर घेऊन बसून राहिली. एकटीनं जायचं नाही हा तिचा नियम होता, आणि तो तिनं आईला फोनवर शंभरदा ऐकवला होता. बाईंनी पाच मिनिटं ते पाहिलं आणि म्हणाल्या, "मी येते. उभंच राहायचंय ना? जन्मभर तेच केलंय."

दोन महिने बाईंनी हा डोंगर बाल्कनीतून पाहिला होता. माउंट लेमन त्याचं नाव. तपकिरी, उघडाबोडका, शहराच्या उत्तरेला भिंतीसारखा उभा. यात काय आहे एवढं, असं त्यांना वाटायचं. आज गाडी त्याच्या अंगावर चढायला लागली आणि पहिल्या दहा मिनिटांतच त्यांनी तो प्रश्न मागे घेतला.

पायथ्याला सग्वारो होते. माणसाच्या पाचपट उंचीचे निवडुंग, एकेकाला दोन-दोन, चार-चार हात, आणि सगळे हात वर. सबंध उतार त्यांनी भरलेला. प्रश्न विचारल्याबरोबर झाडून सगळ्यांनी हात वर केलेत, असा वर्ग बाईंना चौतीस वर्षांत मिळाला नव्हता. तो इथे उन्हात उभा होता. मग एका वळणानंतर सग्वारो एकाएकी संपले. ओकची खुरटी झाडं आली, गवत आलं. मग तेही मागे पडलं आणि उरला नुसता दगड. मनोरे, सुळके, एकावर एक ठेवलेल्या शिळा. कुणीतरी हौसेनं रचायला घेतल्या आणि मध्येच जेवायला बोलावलं म्हणून तशाच टाकून गेलं. अजून वर पाइनचं जंगल आहे, उल्का सांगत होती, जानेवारीत तिथे बर्फ पडतो. खाली वाळवंट, वर बर्फ, आणि मध्ये फक्त तासाभराचा रस्ता.

एका वळणावर तिनं गाडी थांबवली. बाई उतरून कठड्यापाशी गेल्या. खाली सबंध टूसॉन पसरलं होतं, त्यात कुठेतरी त्यांचं खोक्यांनी भरलेलं घर. त्याच्या पलीकडे डोंगरांची एक रांग, तिच्यामागे दुसरी, जरा फिकी, मग तिसरी, आणखी फिकी, आणि जी दिसते-न दिसते ती मेक्सिकोतली, असं उल्का म्हणाली. समोरच्या सुळक्यावर दोन ठिपके हलत होते, एक लाल, एक निळा. ती माणसं आहेत हे कळायला बाईंना वेळ लागला. त्यांच्यामधला दोर ऊन पडलं की कोळ्याच्या धाग्यासारखा लकाकायचा.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं मोठं काही आपण या वयात पहिल्यांदा बघतोय याचं एक, आणि दुसरं म्हणजे, लेक दर रविवारी इथूनच फोन करायची, काय काय सांगायची, आणि आपण "बरं, जपून जा, जेवलीस का" एवढंच म्हणायचो, याची त्यांना लाज वाटली.

"चल," उल्का म्हणाली. "अजून काहीच बघितलं नाहीयेस तू."

दगड रस्त्यापासून वीस मिनिटांवर, एका कोरड्या ओढ्याच्या काठी होता. त्याला दगड म्हणणं म्हणजे त्याचा अपमानच होता. आमच्या नागपुरात एवढ्या जागेत दोन खोल्या आणि न्हाणीघर काढतील, असं बाईंच्या मनात आलं. करडा रंग, आत मिठासारखे चमकणारे कण, आणि पुढची बाजू ओढ्याकडे अशी झुकलेली की खाली उभं राहिलं की डोक्यावरचं आकाश जायचं. बाईंनी तळहात टेकवून पाहिला. दगड उन्हानं कोमट होता. किती लाख वर्षं तो इथे आहे कोण जाणे. बाईंनी हात जोडले. देव समजून नव्हे. मोठं कुणी खोलीत आलं की आपण उठून उभे राहतो, तसे.

"वर कुठून चढतेस?"

"हे इथून, पोटाखालून."

"पण हा उलटा आहे."

"हो ना," उल्का आनंदानं म्हणाली.

चढायच्या वाटेला ही मंडळी 'प्रॉब्लेम' म्हणतात, हे बाईंना आधीपासून माहीत होतं आणि गणित शिकवण्यात जन्म गेल्यानं त्यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं. नवल वाटलं ते उल्कानं पिशवी उघडली तेव्हा. आत पांढरी पूड होती. बाईंनी चिमटीत घेऊन चोळली.

"खडू आहे हा."

"ऑलमोस्ट. हाताला घाम येऊ नये म्हणून."

जी पूड चौतीस वर्षं त्यांच्या बोटांतून, केसांतून, डब्यातल्या पोळीच्या घडीतूनसुद्धा निघायची, ती इथे लेक जपून डोंगरावर आणते आणि हातांना फासते. बाईंना उगाचच बरं वाटलं.

गाद्या पसरून झाल्या. फोन गाडीतच ठेवला होता, कारण सामानवाले सकाळपासून दर अर्ध्या तासाला काहीतरी विचारत होते. उल्कानं आईला जागेवर उभं केलं आणि तिचे हात कोपरात वाकवून वर करून दिले.

"हे बघ. मी वर असेन तेव्हा तू माझ्या मागे अशी. मला पकडायचं नाही. मी पडले तर फक्त गादीकडे वळवायचं, डोकं दगडावर आपटू नये म्हणून. दॅट्स इट."

"आणि पडली नाहीस तर?"

"तर हात लावायचा नाही. चुकून बोट लागलं तरी ती चढाई बाद."

"कोण बाद करतं?"

"कोणी नाही. आपणच."

"म्हणजे सुपरव्हायजर नाही?"

"नाही."

"मग कुणी लबाडी करत नाही?"

"करत असेल कोणी. पण मग चढायचंच कशाला, आई? शिडी लावून पण वर जाता येतं."

सुपरव्हायजर नसलेली परीक्षा बाईंनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. आणि ती द्यायला लोक आपणहून, रविवारची झोप मोडून, इतक्या लांब येतात. सकाळपासून जे जे पाहिलं त्यात हेच त्यांना सगळ्यात मोठं वाटलं.

पहिल्या वेळी उल्का चार हालचालींत खाली आली. दुसऱ्या वेळी तेच. अडायची जागा एकच होती, बाईंच्या डोक्याच्या जरा वर. तिथे डावी टाच उचलून हाताशेजारच्या खोबणीत अडकवायची, सगळं अंग त्या टाचेवर तोलायचं, आणि उजवा हात वर, कडेपलीकडे न दिसणाऱ्या जागी टाकायचा. टाच सुटली की दार उघडावं तसं अंग दगडापासून बाहेर यायचं आणि उल्का गादीवर पडायची. पहिल्यांदा बाईंच्या तोंडून "अगं बाई" निघालं आणि हात वेळेवर पोचलेच नाहीत. दुसऱ्यांदा पोचले. तिसऱ्यांदा उल्का म्हणाली, "गुड, आई," आणि बाईंना मंत्र्याच्या हस्ते पुरस्कार घेतानाही झाला नव्हता इतका आनंद झाला.

मधल्या वेळात त्या लेकीकडे बघत राहायच्या. ही पाठ आपण तेल लावून न्हाऊ घातली आहे, असं म्हणायची सोय राहिली नव्हती. ही पाठ वेगळीच होती. दगडाला लटकली की तिच्यात दोन्ही बाजूंनी दोऱ्या ताणल्यासारख्या उठायच्या. चार बोटांच्या पेरांवर सगळी उल्का तोललेली असायची, आणि जिथे ती बोटं होती तिथे धरायला म्हणावं असं काही नव्हतंच, एक सुरकुती होती. चष्मा पुसून बघितलं तरी सुरकुतीच होती. फोनवर आवाज ऐकून आपण आपल्या मुलीला ओळखतो असं बाई, ती अमेरिकेत आल्यापासूनची आठ वर्षं, धरून चालल्या होत्या.

तीन वाजले. ऊन दगडाच्या मागे गेलं. उल्कानं कडेच्या खाचा ब्रशनं साफ केल्या, हात खडूत घातले, आणि चौथ्यांदा दगडाखाली बसली.

या वेळी ती काही वेगळीच निघाली. आवाज नाही, झटका नाही. एक हात, दुसरा हात, पाय. बाई मागे हात वर करून उभ्या होत्या, खालच्या सग्वारोसारख्या. टाच वर आली, खोबणीत बसली. उल्काचा श्वास बाईंना ऐकू येत होता. उजवा हात दगड सोडू लागला, आणि टाच सरकली. जराशीच. अंग बाहेर यायला लागलं. उल्काच्या तोंडून लहानपणी ताप आला की यायचा तसा एक बारीक आवाज आला.

आणि बाईंचा उजवा तळहात तिच्या कंबरेला लागला.

लागला म्हणजे त्यांनी लावला. क्षणभरच. टाच परत बसली, उजवा हात वर गेला, कडेपलीकडे काहीतरी सापडलं, आणि मग उल्काचे गुडघे, पोटऱ्या, बुटांचे तळवे एकामागून एक दिसेनासे झाले. वर शांतता. बाई रिकाम्या दगडासमोर हात वर करून तशाच उभ्या राहिल्या.

उल्का कडेवर येऊन बसली तेव्हा रडत होती. मागून दुसऱ्या बाजूनं उतरून आली तेव्हा हसत होती. तिनं आईला मिठी मारली, खडूचे दहा ठसे जॅकेटवर उमटले. "टाच सुटली होती, आई. गेलेच होते मी. आणि मग कशी काय थांबली, काय माहीत. माय कोअर जस्ट हेल्ड, पोटानंच धरून ठेवलं." बाई म्हणाल्या, "दमलीस. बस आधी."

त्यांनी डबा उघडला. तिखट-मिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचं लोणचं. उल्का हावऱ्यासारखी जेवली. बाईंच्या तोंडातली पुरी फिरत राहिली.

तळहात अजून सांगत होता, लेकीच्या टी-शर्टचं कापड कसं लागलं ते. कुणी पाहिलं नव्हतं. लेकीलाही कळलं नव्हतं. लागून लागून किती जोर लागला असेल? तिचं तिनंच केलं सगळं. दोन महिने पोरीनं काय काय सोसलं, उद्या विमान, परत कधी येणं होतंय. आणि आई आहे मी, आईचा हात जायचाच. हे सगळे मुद्दे बाईंनी एकेक करून ओळखले. बोर्डाच्या वर्गात पकडलेली पोरं आणि मागाहून येणारे त्यांचे बाप हेच सांगायचे. बाई, एकच उत्तर बघितलं. बाई, वर्ष वाया जाईल. आणि बाई मान हलवून कागदावर शेरा लिहायच्या.

"आई," उल्का लोणच्याची फोड चोखत म्हणाली, "एक बोलू? रागावू नकोस. आज मला पहिल्यांदा वाटलं, तू माझ्या बाजूनं उभी आहेस."

"काहून? मी काय कधी—"

"आठवीचं विसरलीस?"

ते कसं विसरणार? आठवीच्या वार्षिक परीक्षेत गणिताचे पेपर बाईंनीच तपासले होते. वर्तुळाचं क्षेत्रफळ. उल्काचं उत्तर बरोबर होतं, पुढे 'चौरस सेंटिमीटर' लिहायचं राहिलं. बाईंनी अर्धा मार्क कापला, आणि त्या अर्ध्या मार्कानं कांचन बोरकर पहिली आली, उल्का दुसरी. मुख्याध्यापक स्वतः म्हणाले, बाई, देऊन टाका, सगळ्यांना माहीत आहे पोरीला येतं. बाईंनी दिला नाही. पोर चार दिवस बोलली नाही. आणि बाईंनी पुढची वीस वर्षं ती गोष्ट अभिमानानं सांगितली. निवृत्तीच्या समारंभातसुद्धा सांगितली, टाळ्या पडल्या. उल्का तेव्हा व्हिडिओ कॉलवर होती.

बाईंनी डब्याचं झाकण लावलं.

"उल्का, माझा हात लागला."

"कुठे लागला? दाखव."

"तसा नाही. तुला लागला. टाच सुटली तेव्हा. कंबरेला."

उल्काच्या हातातली फोड तशीच राहिली. "नुसता लागला?"

"नाही. मी ढकललं."

वरून एक कावळा गेला, इथले कावळे मोठे, काळेभोर, आणि इतकी शांतता होती की त्याच्या पंखांचा आवाज ऐकू आला.

"किती?"

बाईंनी विचार केला. कमी करून सांगायचं नव्हतं, वाढवूनही नाही. "थोडंसंच," त्या म्हणाल्या. "अर्ध्या मार्काएवढं."

उल्का आईकडे बघत राहिली. रागावली असती तर बाईंना सोपं गेलं असतं.

"तो तेव्हा द्यायचा होतास, आई," ती म्हणाली. "तेव्हा हवा होता मला. आता नको."

मग ती उठून ओढ्याच्या पात्रात गेली आणि एका खडकावर पाठमोरी बसली. बाई दगडापाशी एकट्या राहिल्या. पश्चिमेच्या रांगा निळ्या व्हायला लागल्या होत्या, आणि समोरचे मनोरे, जे सकाळी करडे होते, ते आता आतून दिवा लावल्यासारखे पिवळे झाले होते. आपण कशासाठी जगलो असं वाटावं इतकं ते सुंदर होतं, आणि बाईंना ते नीट बघवत नव्हतं. आपल्याला बाजू घेता येते तेव्हा आपण घेत नाही आणि नको तेव्हा घेतो, एवढं साधं गणित आपल्याला बासष्टाव्या वर्षी सुटतंय, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

अर्ध्या तासानं उल्का परत आली. बाटलीतल्या पाण्यानं तिनं हाताचं तेल धुतलं, पुसलं, खडू लावला. बोटांच्या टोकांची सालं निघाली होती.

"दगड थंड झालाय," ती म्हणाली. "आता ग्रिप चांगली मिळेल. एकदाच होईल. स्किन संपलीय माझी."

"मी उभी राहू?"

"तू नाहीतर कोण राहणार?"

बाई उभ्या राहिल्या. हात वर. एक हात, दुसरा हात, पाय. टाच आली. बाईंचे तळहात तिच्या कंबरेपासून चार बोटांवर होते, आणि ती चार बोटं तशीच राखायला जेवढी ताकद लागली तेवढी त्यांना उल्काच्या वेळच्या बाळंतपणातही लागली नव्हती. टाच थरथरली. बाईंचे हात जागचे हलले नाहीत. मग टाच बसली. उजवा हात सुटला, वर गेला, आणि कडेपलीकडे पोचला. जिथे सकाळपासून आईच्या हाताशिवाय ती पोचली नव्हती, तिथे ती पोचली होती. बाईंनी श्वास सोडला.

दोन बोटं. बाईंना खालून फक्त कोपर दिसत होतं, पण तिला वर दोनच बोटांपुरती जागा मिळाली आहे हे त्या कोपरावरून कळलं. उल्का क्षणभर तशी लटकली, अर्धी दगडावर, अर्धी हवेत, मागे सबंध वाळवंट. मग बोटं सुटली.

ती वाकडी आली, खांदा दगडाकडे. बाईंनी आता काही राखलं नाही. दोन्ही हात पाठीत घातले आणि अंगातला सगळा जोर लावून तिला गादीकडे वळवलं. दोघी एकमेकींवर पडल्या. चष्मा कुठेतरी उडाला.



"लागलं का गं?"

"नाही. तुला?"

"चष्मा गेला."

उल्कानं गादीच्या फटीतून चष्मा काढला, आईच्याच कुर्त्याच्या टोकानं पुसला आणि तिच्या नाकावर ठेवला. "आत्ता बरोबर लावलास हात," ती म्हणाली. मग तिला रडू आलं, आणि बाईंनी तिला रडू दिलं. राहिलं ते राहिलंच होतं. उद्या विमान होतं आणि तिकडे सगळ्यात उंच म्हणजे मॉलचं पार्किंग होतं.

"फेब्रुवारीत येईन मी," उल्का नाक पुसत म्हणाली. "लॉंग वीकेंड असतो. टाच तर बसते आता. पोचते मी तिथे."

"पोचतेस," बाई म्हणाल्या. "मी बघितलं. कुणाचा हात नव्हता."

निघायच्या आधी दगडावरचे खडूचे डाग साफ करायचे असतात, पुढच्याला दगड कोरा मिळावा म्हणून. उल्कानं ब्रश काढला. बाईंनी तो तिच्या हातातून घेतला. तास संपला की फळा पुसूनच वर्गाबाहेर पडायचं, हे त्यांनी चौतीस वर्षं पाळलं होतं. हात पुरेल तिथपर्यंत त्यांनी एकेक खाच पुसली, वरच्या खाचा उल्कानं काठीला ब्रश बांधून पुसल्या. सुरुवातीच्या दोन खाचांपाशी मात्र बाई थांबल्या.

"एकदा धरून बघू का गं?"

उल्कानं गादी सरकवून नीट केली आणि खडूची पिशवी पुढे धरली. बाईंनी बूट-मोजे काढले. हात आत घातले, बाहेर काढले आणि बघितले. हे हात त्यांना पाठ होते. वर्गातून स्टाफरूममध्ये येताना रोज असेच असायचे.

त्यांनी दोन्ही खाचा धरल्या. दगड आता गार होता, खरखरीत, आणि बोटांखाली त्याचे कण एकेक वेगळे लागत होते. उल्कानं सांगितलं तिथे त्यांनी डावा पाय टेकवला. जमिनीपासून वीतभरसुद्धा नसेल. पण उजवा पाय अजून गादीवर होता, आणि तो उचलायचा म्हणजे काय, हे त्यांना आत्ता कळलं. मागे वाळवंटावर संध्याकाळ उतरली होती. उल्का मागे येऊन उभी राहिल्याचं त्यांना न बघताच समजलं. तिचे हात वर असतील.

"हात लावू नकोस," बाई म्हणाल्या.

"नाही लावत," उल्का म्हणाली.

आणि बाईंनी दुसरा पाय उचलला.